हिरव्या पाण्याची बाटली

ती बादली घेऊन दुकानातून बाहेर पडत होती, तो बाटली घेऊन आत शिरत होता, आणि दार तर एकच. बादलीतलं पाणी गेलं त्याच्या बुटात आणि बाटलीतलं तिच्या पांढऱ्या बाहीवर. साधं पाणी असतं तर वाळलं असतं हो. हे हिरवंगार होतं, पाला वाटून गाळल्यासारखं.

"हे काय घेऊन फिरता?" तिनं बाही झटकत विचारलं.

तो एका पायावर उभा राहून बूट पालथा करत होता. "हे... आमच्या माशाचं घर आहे. म्हणजे, त्यातलं थोडं."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. पहिल्याच भेटीत गिऱ्हाइकाला हसू नये, असं तिच्या मामाचं म्हणणं. दुकान मामाचंच, पाळायच्या माशांचं. मामा गल्ल्यावर बसून डुलक्या घ्यायचा आणि बाकी सगळं ही बघायची, म्हणून अख्खा रस्ता तिला मासेवाली म्हणायचा. आणि हा समोरच्या फुटपाथवरच्या दुकानातला चष्मेवाला. म्हणजे बघा, दिवसभर लोकांना विचारायचं, आता स्पष्ट दिसतंय का, आणि आता? आणि घरी स्वतःच्या टाकीतला मासा काही दिसेना.

मासा त्याच्या बहिणीचा. गुबगुबीत गोल्डफिश, नाव साहेब. बहीण लग्न होऊन लांब गेली. जाताना आईबापाच्या गळ्यात पडून रडायचं सोडून टाकीला मिठी मारून रडली, आणि साहेबाला जप म्हणून भावाला बजावून गेली. ती गेली काय आणि टाकीत शेवाळ धरायला लागलं काय. यानं सगळं पाणी फेकलं, काचा घासल्या, तरी पुन्हा तेच.

मासेवालीनं उलटतपासणी सुरू केली. टाकी कुठं ठेवलीय? खिडकीत. दिवा? दिवसभर चालू. फिल्टरचा स्पंज कसा धुता? नळाखाली, साबण लावून... तिनं कपाळाला हात लावला. मग लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, शेवाळाला लागतो उजेड आणि लागतं खाणं, आणि तुम्ही दोन्ही ताटात वाढून देताय. टाकी उन्हातून हलवा. दिवा संध्याकाळी थोडा वेळ लावा. आठवड्याला थोडंच पाणी बदला, सगळं उपसू नका, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळा, कारण त्यात घाण खाणारे बारीक जीव राहतात, ते साबणानं मरतात. आणि दाणे दिवसातून एकदा, चिमूटभर.

"चिमूटभर म्हणजे किती?"

तिनं त्याच्या तळहातावर चिमूट ठेवून दाखवली. बोटं जरा जास्तच वेळ तिथं राहिली... माशांच्या दाण्यांना काय वास येतो, तो ज्यानं घेतलाय त्यालाच ठाऊक. पण चष्मेवाल्यानं त्या दिवशी जेवेपर्यंत तो हात धुतला नाही. हे त्यानंच तिला पुढं कधीतरी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तो आला तर बाटली हिरवीच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. तिनं एक पाणवनस्पती दिली, काच चाटणारी गोगलगाय दिली. त्यानं मामाच्या चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी नीट करून दिली. हळूहळू असं झालं, की मासेवाली दर्शनी टाकीची काच सारखी पुसायला लागली, कारण त्या काचेतून समोरचं दुकान दिसायचं. मामा डोळे न उघडताच म्हणाला, "झिजेल ती काच, बाई."

पण तिला राग पण यायला लागला होता. आपण सांगितलं आणि गुण आला नाही, असं आजवर झालं नव्हतं. एकदा ती बोललीच, तुम्ही लपून दाणे टाकताय. त्यानं शपथ घेतली. विश्वास नसेल तर घरी येऊन बघा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ध्यानात आल्यावर कानापर्यंत लाल झाला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती गेली. टाकी खिडकीपासून लांब, सांगितलं होतं तशी. दिवा बंद. कुठं बोट ठेवायला जागा नाही. तो चहा टाकायला आत गेला, ती दाराआडच्या खुर्चीवर गप्प बसली. तेवढ्यात त्याचे वडील आले, पेपर बगलेत. इकडंतिकडं बघितलं, टाकीचं झाकण उचललं आणि दाणे टाकून चालते झाले. जरा वेळानं आई आली, ओले हात पुसत. तिनंही तेच केलं. साहेब दोघांसाठी शेपूट हलवत काचेला येऊन भिडला.

मासेवालीला सगळं कळलं, आणि तिथंच तिचं घोडं अडलं. हे सांगितलं की पाणी निवळणार. पाणी निवळलं की बाटली बंद, आणि बाटली बंद म्हणजे तोही... गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? तिनं साहेबाकडं पाहिलं. पोट टम्म फुगलेलं, वर येऊन तोंड उघडून श्वास घेत होता बिचारा.

तिनं सांगितलं. चहा घेता घेता, हळूच, कुणाला टोचणार नाही असं.

आईनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "लेक गेल्यापासून मला बघून धावत येणारं या घरात कुणी राहिलं नाही गं. हा तेवढा येतो."

पेपरामागून वडिलांचा आवाज आला. "मला वाटलं, मी एकटाच देतोय."

तेव्हा मासेवालीनं आईचं बोट धरून काचेला लावलं. साहेब आला. बोट सरकवलं, तोही सरकला. दाण्याशिवायसुद्धा येतो तो, ती म्हणाली, त्याला तुम्ही ओळखीच्या झालात. मग एक टोपण टाकीशेजारी ठेवलं. दाणे ज्यानं दिले त्यानं ते पालथं घालायचं. पालथं दिसलं की बाकीच्यांनी नुसतं बोट लावायचं. चष्मेवाला दारात कप घेऊन उभा होता, आणि माशाकडं काही बघत नव्हता.

पाणी निवळलं. साहेबाचे खवले दिसतात म्हणून तो हसत सांगायला आला. आणि मग यायचा थांबला. येणार कशाला? तिनं आपल्याच हातानं त्याचं निमित्त काढून घेतलं होतं. दर्शनी काच पुसायची तिनं सोडून दिली.

"माझा चष्मा मोडू का?" मामानं विचारलं. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो परत डुलकी घ्यायला लागला.

आणि एका सकाळी चष्मेवाला दारात उभा. हातात बाटली, आजवरच्या सगळ्यांपेक्षा हिरवी. साहेबाला काय झालं, असं आधी तिच्या मनात आलं. आणि त्याच वेळी आत कुठंतरी गोडही वाटलं, हेही खरं. तिनं बाटली उजेडात धरली. तळाशी दाणे फुगून बसलेले. इतके दाणे त्या घरात आता कुणी टाकणार नव्हतं. बाटलीवर चष्म्याच्या काचा पुसायच्या औषधाचं लेबल.

"हे टाकीतलं पाणी नाही."

तो खाली बघत राहिला. "टाकीत होईना काही केल्या. आई-बाबा फार शिस्तीत वागायला लागलेत. मग ही बाटली दुकानाच्या खिडकीत ठेवली, उन्हात. रात्रभर दिवा चालू ठेवला. मूठभर दाणे टाकले. तुम्ही जे जे करू नका म्हणालात... ते सगळं मन लावून केलं."

"पण कशाला?"

"रिकाम्या हातानं यायचा धीर होत नव्हता."

ती बाटली घेऊन मागच्या खोलीत गेली. तो घाबरत घाबरत मागं गेला. तिथं एका लहान टाकीत अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं होती, पापणीच्या केसाएवढी. तळाचा गाळ न हलवता तिनं वरचं हिरवं पाणी त्यात थेंब थेंब सोडलं. थोडं तिच्या बाहीवर सांडलं. या वेळी तिनं ते झटकलं नाही.

"यांच्या तोंडात दाणा मावत नाही," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "अशा पाण्यातलं बारीकसारीक खाऊनच वाढतात ही."

"म्हणजे... आणखी आणू?"

"आणा की. मोठी होईपर्यंत लागेलच."

तो त्या पिल्लांकडं बघत राहिला. भराभरा मोठी होतील की काय, अशी भीती त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"आणि मोठी झाल्यावर?"

तिनं बाटलीचं टोपण लावलं, ती त्याच्या हातात दिली, आणि आपला हात काढून घेतला नाही.

"मग रिकाम्या हातानं या," ती म्हणाली.