जुन्या गिरणीच्या थांब्यावरची कोरडी जागा

ही गोष्ट खरी आहे.

माझं बोलणं ऐकून लोक आधी हसतात आणि मग विचार करतात, हे मला ठाऊक आहे. या वेळी तेवढा क्रम उलटा ठेवा.

जागा... रुसे शहरातला जुन्या गिरणीचा थांबा. वेळ नोव्हेंबरातल्या तिन्हीसांजेची. मध्यरात्र वगैरे काही नव्हती. आमच्याकडे नोव्हेंबरात डॅन्यूब नदीवरून धुकं चढलं, की पाच वाजताच मध्यरात्रीचं काम भागतं.

घडलं ते माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत. दोच्काताई.

तिचे यजमान वेल्कोभाऊजी. स्वतः फार कमी बोलायचे, जे काय बोलायचं ते त्यांच्या मिशा बोलायच्या. ताई शिवणाच्या कारखान्यात होती, तेव्हा रोज संध्याकाळी भाऊजी त्या थांब्यावर जाऊन बसत. ती ट्रॉलीबसमधून उतरली की तिच्या हातातली पिशवी घेत आणि मुकाट तिच्या मागून चालू लागत. वाट बघताना सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत.

कट्... कट्... कट्...

टरफलं पायाशी.

उतरल्यावर ताईचं पहिलं वाक्य ठरलेलं. "अहो, केवढा हा कचरा!"

त्यांचा संसार या एका वाक्यावर फार सुखाचा झाला.

भाऊजी गेले. ताईने त्यांचा कागद थांब्यात लावला. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि दोन ओळी छापून दारावर, झाडावर, थांब्यावर लावतात. वर्ष झालं की नवा लावतात. तो कुणी फाडायचा नसतो, हात झडतात म्हणतात. ऊन-पाऊस फाडेल तेव्हा फाडेल. त्या जुन्या काँक्रीटच्या थांब्यात बसलं की समोरच्या भिंतीवर अर्धी वस्ती भेटायची. भाऊजींच्या कागदाखाली माझी बायको नेव्हेनाही होती. जिवंत वस्तीपेक्षा त्या भिंतीवर गर्दी जास्त. जिवंत होते ते जर्मनीला गेले होते.

ताईची इवेलिनाही तिकडेच. "आई, इकडे ये" असं ती प्रत्येक फोनवर म्हणायची. ताई ऐकायची नाही.

मागच्या हिवाळ्यात ताई न्हाणीघरात पडली. रात्रभर हाका मारत होती. ऐकायला त्या जिन्यात होतं कोण? एक मांजर. तेही तळमजल्यावरचं.

म्हणून मीही मागे लागलो. ती गेली असती तर रुसेत माझं म्हणावं असं कुणी उरलं नसतं. तरी लागलो.

"अगं ताई, पुढच्या वेळी मांजरही नसेल. जा लेकीकडे."

"आणि ते?"

"कोण ते?"

"तुझे भाऊजी. रोज तिथं बसतात. मी गेले तर ते कुणाची वाट बघणार?"

आम्ही कॉफी प्यायलो.

मग नगरपालिकेला थांबे नवे करायची हुक्की आली. एक जाहिरातवाली कंपनी सगळे थांबे फुकटात बांधून देणार होती. बदल्यात थांब्याच्या एका अंगाला तिची दिव्याची पेटी आणि पेटीत जाहिरात. नवा थांबा उभा राहिला तेव्हा छप्पर एका माणसापुरतं होतं आणि जाहिरात तिघांपुरती. बाक असा उतरता, की बसलेला माणूस हळूहळू पुन्हा उभा राहावा. छपराखालीही धुकं शिरायचं आणि बाक कायम ओला. काचेवर काहीही चिकटवायला सक्त मनाई.

त्याआधी जुना थांबा पाडला, त्या दिवशी ताई समोरच्या फुटपाथवर उभी होती. काँक्रीटची ती भिंत ट्रकवर चढली. वस्तीचे सगळे चेहरे आकाशाकडे बघत नदीकाठच्या राडारोड्याकडे निघाले. नेव्हेनाही त्यातच.

"आता ते कुठं बसतील रे, मिंचो?" ताई म्हणाली.

तिथल्या कामावरचा राडोय मिस्त्री माझ्या ओळखीचा. माझ्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. त्याने तिचं बोलणं ऐकलं. हातमोजे काढत आमच्याजवळ आला.

"दोच्काताई, घोर लावून घेऊ नका. वेल्कोची सोय केलीय मी."

"कसली सोय?"

"ते विचारू नका. कंपनीचे कान लांब असतात."

नव्या पेटीत पहिली जाहिरात लागली ती टूथपेस्टची. एक तरुणी सगळे दात दाखवून हसत होती.

त्याच संध्याकाळी धुकं उतरलं. पेटीतला दिवा लागला.

आणि त्या तरुणीच्या नाकाखाली...

मिशा उगवल्या.

हसू नका. थांब्यावरची माणसंही आधी हसलीच होती. मग दिवा जरा तापला. मिशांच्या वर नाक दिसू लागलं. नाकाच्या वर डोळे. तरुणी दात दाखवतच होती, पण तिच्या आतून कुणीतरी दुसरंच, न हसता, बघत होतं.

रस्त्याकडे. ट्रॉलीबस येते त्या बाजूला.

ताई काचेला हात लावून उभी होती. मी राडोयला बोलावून आणलं.

"मिस्त्री, हे काय केलंस?"

"मेलेल्या माणसाचा चेहरा राडारोड्यात टाकू? मला माझे हात हवे आहेत अजून. वेल्कोचा कागद तेवढा सहज निघाला, बाकीचे काँक्रीटला धरून बसले होते. पोस्टरच्या मागे ठेवून दिला. दिव्याने आरपार दिसेल हे माझ्या डोक्यातच नाही आलं."

म्हणजे सगळा उलगडा झाला होता. मला तर हायसं वाटलं. जगात राडोय असला की भुताची गरज पडत नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाचा त्याला फोन आला. दातांच्या बाईला मिशा आहेत म्हणून तक्रार होती. राडोय किल्ली घेऊन निघाला. ताई आणि मी बरोबर.

त्याने पेटी उघडली. पोस्टर उचललं. मागे कागद होता. तोच. काळी चौकट, वर क्रूस, खाली "वेल्को", त्याखाली ताईच्या दोन ओळी.

मध्ये फोटोची जागा...

कोरी.

फाटली नव्हती, खरवडली नव्हती. नुसती पांढरी. कुणीतरी उठून गेल्यावर खुर्ची दिसते तशी.

"दिव्याने उडाला असणार," राडोय म्हणाला.

"एका रात्रीत? आणि अक्षरं नाही उडाली?"

"शाई वेगळी असेल."



त्याने कागद ताईच्या हातात दिला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकताना ती त्याच्याकडून दोनदा खाली पडली.

तो गेल्यावर आम्ही दोघं तिथंच उभे होतो. रस्ता रिकामा. धुक्यात गिरणीचं धुराडंही दिसेना.

आणि मागून...

कट्.

मी ताईकडे बघितलं. ती हललीही नाही.

कट्... कट्...

बाक धुक्याने चिंब झाला होता. पूर्ण बाक. फक्त एका टोकाला, एक माणूस बसेल एवढी जागा कोरडीठाक होती. तिच्या खाली टरफलं पडली होती. मी वाकून एक उचललं.

ते थुंकीने ओलं होतं. आणि कोमट.

त्यानंतर रोज तसंच. त्या मार्गावर ट्रॉलीबस चालवते ती स्तोयांका. तोंडाची फटकळ, रस्त्यात म्हातारी दिसली तर थांबा नसतानाही थांबणारी. तिने मला बाजारात गाठलं.

"ए मिंचो, तुझ्या मेव्हण्याला काहीतरी सांग ना."

"काय सांगू? आणि कुठं जाऊन सांगू?"

"मी थांबते, दार उघडते. तो बाकावर असतो. विचारते, येतोयस का? तो मान वर झटकतो. माझं वेळापत्रक बोंबलतं."

आमच्याकडे मान वर झटकली की नकार, आणि आडवी हलवली की होकार. परदेशी पाहुण्यांचे यावरून फार हाल होतात.

"स्तोयांका, तो मेलाय."

"ते माहितीये मला. उकडलेला गहू खाऊन आलेय मी त्याच्या वर्षश्राद्धाचा. म्हणून तर तिकीट विचारत नाही."

मी हे ताईला सांगितलं नाही. तिला सांगायची गरज नव्हती. त्याच संध्याकाळी तिने ठेवणीतला कोट घातला, पायात चांगले बूट घातले आणि म्हणाली, "तू रस्त्याच्या पलीकडे थांब. जवळ येऊ नकोस. नवरा-बायकोचं बोलणं आहे."

मी पलीकडे थांबलो.

पेटीच्या पांढऱ्या उजेडात ती बाकावर बसली. मध्यभागी नाही. शेजारी कुणी असलं की आपण जसं सरकून बसतो तशी.

बराच वेळ नुसतं कट्... कट्... ऐकू येत होतं. रस्ता ओलांडून. धुक्यातून.

मग ताईचे ओठ हलताना दिसले.

आणि आवाज थांबला.

त्या शांततेत मला माझंच घड्याळ ऐकू येत होतं. पेटीतला दिवा एकदा मिणमिणला. ताई उठली, रस्ता ओलांडून आली. डोळे कोरडे होते.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, अहो, मी इवेलिनाकडे चाललेय. इथं आता माझा उपयोग नाही, तुमच्या पाठीलाही हा बाक सोसायचा नाही. येताय?"

"मग?"

ताईने पदर सावरावा तसा गळ्यातला रुमाल सावरला.

"मान हलवली त्यांनी. आडवी."

आठवडाभरात ताई गेली. स्टेशनवर मी तिची पिशवी उचलली तर ती म्हणाली, "राहू दे, कुणीतरी घेईल." पिशवी मी घेतलेलीच होती, पण डब्याच्या पायऱ्यांपाशी ती अचानक हलकी झाली.

तिचा फोन आला तो जर्मनीतून. आवाज विशीतल्या मुलीसारखा.

"मिंचो, इथल्या घरासमोर थांबा आहे. अगदी आपल्यासारखाच! तीच काच, तोच घसरता बाक. दिवसभर मी इवेलिनाच्या मुलांकडे बघते, संध्याकाळी जाऊन बसते."

"आणि?"

"आणि काय... पायाशी टरफलं. इथं रस्त्यावर कचरा टाकला तर लोक पोलीस बोलावतात. मी म्हटलं, अहो, केवढा हा कचरा!"

ती इतकी हसली की मलाही हसू आलं. फोन ठेवला आणि घरात एकदम फार शांत झालं. रेडिओ लावला. तो बंद केला. मग बाहेर पडलो.

गोष्ट इथं संपायला हवी होती. ताई सुखरूप आहे, भाऊजी तिच्याजवळ आहेत. मीही तीच समजूत घालून जुन्या गिरणीच्या थांब्यावर गेलो.

धुकं होतं. पेटीत आता कसल्याशा सरबताची जाहिरात होती. नुसती बाटली. चेहरा नाही, मिशा नाहीत.

बाक ओला होता.

त्या टोकाची जागा...

कोरडी.

खाली टरफलं नव्हती. एकही नाही. कट् कट् नव्हतं. फक्त मधूनच, अगदी हळू, कुणीतरी श्वास सोडल्यासारखं. वाट बघून कंटाळलेलं माणूस सोडतं तसा.

स्तोयांकाची ट्रॉलीबस आली. दार उघडलं. तिने बाकाकडे बघून भुवया उंचावल्या, क्षणभर थांबली, मग माझ्याकडे वळली.

"ती नाही येत म्हणतेय. तू?"

"ती? कोण ती? भाऊजी जर्मनीला गेले."

"तुझा मेव्हणा नाहीच हा. गेल्या आठवड्यापासून बाई असते. डोक्याला रुमाल बांधलेली. तू दिसलास की सावरून बसते."

मी रुमालाचा रंग विचारला नाही.

विचारून काय करणार? आमची नेव्हेना आयुष्यात कधी कुणासाठी थांबली नाही. मला उशीर झाला की ती सरळ पुढे निघायची. मग ही कोण? त्या भिंतीवर तर अर्धी वस्ती होती. पण वस्तीतलं दुसरं कुणी मला बघून सावरून का बसेल?

राडोयला विचारलं. तो म्हणतो, बाकाच्या त्या भागाखालून विजेची तार जाते, म्हणून तेवढी जागा उबदार राहते. असेलही. त्यानेच तर बसवलाय.

मी अजूनही रोज संध्याकाळी तिथं जातो. दुसरीकडे जायला तसं कुणी नाही. ताई फोनवर विचारते, "जेवलास का? बोलायला कुणी भेटतं का रे?" मी म्हणतो, भेटतं.

परवा पाऊस लागून राहिला होता. बाकावरून पाणी निथळत होतं. ती कोरडी जागा होतीच.

आणि तिच्या शेजारी, अगदी लागून...

अजून एक.

माझ्या मापाची.

मी उभाच राहिलो. कालही उभाच होतो. आताशा गुडघे फार दुखतात.

तरी मी उभाच राहतो.