काचेची साक्ष

डॉ. इरफान तांबोळींनी धावपट्टीलगत पुरलेल्या केबलमधल्या काचतंतूत लेझर सोडला, आणि वाघोशी उड्डाणशाळेच्या हँगरमध्ये बसून ते तेवीस वर्षांपूर्वीची सकाळ वाचू लागले.

"प्रत्येक हादरा काचेत सूक्ष्म ओरखडा ठेवतो," ते म्हणाले. "पाऊल, इंजिन, जमीन दाबणारा वारासुद्धा. ते थर एकमेकांवर चढतात. माझं काचस्मृतीयंत्र त्यांना सुटं करतं."

"मग सांगा, बाबा चुकले होते का?"

हे विचारणारी कॅप्टन यामिनी राजाध्यक्ष स्वतः वैमानिक होती. तिचे वडील इथेच उतरताना गेले. पाठीमागून वारा असताना ते उतरायला आले, वेग सावरता आला नाही आणि छोटं विमान कातळावर आदळलं. अहवालात 'वैमानिकाची चूक' असं लिहून लोक मोकळे झाले. पण त्या दोन शब्दांनी यामिनीचा पिच्छा सोडला नव्हता. चौकशी पुन्हा उघडायला तिने जंग जंग पछाडलं होतं.

तांबोळींनी चष्मा काढला. "वारा पाठीमागूनच होता. आणि चांगला जोराचा."

यामिनीचा चेहरा उतरला. वारा दाखवणारी कापडी वातपिशवी तर अपघातानंतरच्या फोटोत टम्म फुगलेली होती. बाबांना ती दिसली कशी नाही?

"थांबा. अपघात दहा वीसला. सगळी पावलं विमानाकडे धावतात. एकच माणूस उलट, पिशवीच्या खांबाकडे."

कोपऱ्यात बसलेले म्हातारे मेकॅनिक गंगाराम लोहार उठले.

"मीच त्यो. खंडेनवमी व्हती. पिशवीला झेंडूची माळ घातलेली, भिजलेली, जड. पिशवी लोंबत व्हती. सायेबांना वाटलं, वारा न्हाई. मी माळ काढली आन् गप बसलो."

"माळ घातली कुणी, काका?"

"मीच. खांब आडवा केलता तेल द्यायला, तवा."

तांबोळींनी पडद्यावर त्याआधीचा थर उघडला. खोटं चालवून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"नाही, काका. नऊ चाळीसला आडव्या खांबापाशी तुमच्याबरोबर आणखी एक जण आहे. उड्या मारत आलेलं. वजन अठ्ठावीस किलो."

यामिनीला सगळं आठवलं. बाबा आकाशात होते. हँगरमधल्या पान्यांना, पंख्यांना फुलं वाहून झाली होती, आणि पिशवीच तेवढी उपाशी का ठेवायची, म्हणून तिने हट्ट धरला होता.

"आकरा वर्साची पोर तू," गंगाराम रडत म्हणाले. "बाप गेलेला. तुला काय सांगायचं व्हतं?"

तांबोळी हळूच म्हणाले, "कॅप्टन, हा भाग वगळता येईल."

"वगळला तर बाबा वारा न बघता उतरलेले वैमानिक ठरतात!" यामिनी रडत होती, पण आवाज खणखणीत होता. "त्यांनी पिशवी बघितली. तिने जे सांगितलं ते अचूक वाचलं, आणि अचूक उतरायला आले. लिहा, डॉक्टर. माळ घालणारी यामिनी राजाध्यक्ष, वय अकरा. वैमानिक निर्दोष."

तांबोळींनी लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं, सही ठोकली आणि गंगारामकाकांना घट्ट मिठी मारली.

"काका, बाबा जिंकले!"