पुसणाऱ्याला हाक कोणी मारली?

"नाल्याजवळच्या कॅमेऱ्याचं कार्ड कोणी पाह्यलं काय?"

हा प्रश्न भर ग्रामसभेत विचारायची चंचलची छाती होणार नाही, अशी तिच्या मैत्रिणी रीना आणि उर्वशी यांनी पैज लावली होती. चंचल हरली तर तिनं आठवडाभर चिमूरच्या कॉलेजपर्यंत दोघींना आळीपाळीनं सायकलवर डबलसीट न्यायचं. चंचलनं विचारला. तोही उभं राहून, शंभर माणसांपुढे.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

चार दिवसांपूर्वी ग्रामसभेच्या जंगलाला आग लागली होती. मोहफुलं वेचायला जमीन स्वच्छ हवी म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची गावाची जुनी सवय. यंदा हात वर करून सगळ्यांनी ठराव केला होता, पाला पेटवायचा नाही, झाडायचा. तरी कोणीतरी काडी ओढली. डोंगरउतार काळा झाला आणि गावातल्या इसरूची वर्षभराची बांबूची गंजी राख झाली.

वाघाची चाहूल लागावी म्हणून पायवाटेवर कॅमेरा होता. त्यात माणूस आला असणार. पण गावची वनसमिती बघायला बसली तर ग्रामसभेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एकही फोटो नाही. सगळे पुसलेले. नाल्याजवळच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं कार्ड मात्र अजून कोणी काढलं नव्हतं.

"कार्ड उद्या आणतो," सचिव हेमराज म्हणाला. "चार वाजता समिती पाहीन. पण चंचल, पुसायची ओळ तुह्याच प्रोग्रामात आहे. एकेचाळिसावी. मी स्वतः वाचली. अन् कॉम्प्युटर सांभाळते बुधरीबाई. परवाच्या सभेत तिले त्या कामावरून काढाचं, असं ठरून राह्यलं."

बुधरीबाई कोपऱ्यात बसली होती. चौथीपर्यंत शिकलेली, पंचेचाळिशीत माऊस धरायला शिकलेली बाई. तिनं मान वर केली नाही.

"ओळ माही आहे, भाऊ," चंचल म्हणाली. "पण ओळ आपल्या मनानं चालत नाई. तिले कोणीतरी हाक मारते."

"खाली बस," तिचा बाप पत्रू मागून म्हणाला. तो आगराखी पथकाचा प्रमुख. "मोठ्यायच्या मंधात बोलू नको."

ती बसली. पण आपण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं, याचं तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती ऑफिसात गेली.

"बाई, त्या दिवशी तुमी काय दाबलं?"

"एक नंबर. रोज तेच दाबतो. फोटो आले, कार्ड रिकामं झालं."

"मंग?"

"मंग कुलूप लावून मोहफुलं वाळू घालाले गेली."

"चाबी?"

"खिळ्यावर. वळचणीले. साऱ्या गावाले माहीत आहे."

"पासवर्ड?"

बुधरीबाईनं भिंतीकडे बोट दाखवलं. खडूनं लिहिलेला होता. "मले लक्षात राहत नाई, तं हेमराजभाऊनं लेहून देल्ला."

म्हणजे एकच चावी, एकच पासवर्ड आणि आत येणारं सगळं गाव. कोण आलं होतं, ते कॉम्प्युटरला विचारून काय उपयोग? त्याच्या लेखी सगळे बुधरीबाईच.

फोटोंची शेल स्क्रिप्ट चंचलनंच लिहिली होती. काळ्या पडद्यावर ओळीओळीनं हुकूम सोडणारी. त्यात ‘पुसा’ नावाचं एक फंक्शन, म्हणजे नावानं हाक मारली की चालणारा ओळींचा गठ्ठा. त्याला हाक मारतं ‘सफाई’. सफाईला दिवस सांगायचे. तीस सांगितले तर तीस दिवसांपेक्षा जुने फोटो जातात.

"बाई, आग लागली तं आपल्याले कसं समजते?"

"ढोल वाजते."

"ढोलवाल्यानं आग पाह्यलेली असते काय?"

"नाई. त्याले इसरू हाक मारते. इसरूले झिंगू. झिंगू टेकडीवर राखणीले असते, त्याले धूर दिसते."

"मंग ढोलवाल्याले धरून काय फायदा? त्याले विचाराचं, तुले कोणं हाक मारली. मंग त्याले विचाराचं. असं मागं मागं जाचं, टेकडीपर्यंत. हेमराजभाऊनं ढोलवाला धरला. एकेचाळिसावी ओळ."

बुधरीबाई चार दिवसांत पहिल्यांदा हसली. "अन् कॉम्प्युटर सांगते, कोणं हाक मारली ते?"

"सांगते. पण काम चालू असते तोवरच. काम सरलं की विसरते. म्हणून तवाच लेहून घ्या लागते."

स्क्रिप्ट ज्या भाषेत होती त्या बॅशमध्ये ‘कॉलर’ नावाचा हुकूम असतो. त्याला शून्य सांगितलं तर या फंक्शनला थेट कोणी हाक मारली ते कळतं. एक सांगितलं तर त्याच्या मागचा. कितवी ओळ, कोणतं फंक्शन, कोणती फाईल. मागं कोणी उरलं नाही की तो थांबतो. चंचलनं पुसा फंक्शनच्या तोंडाशी त्याचा फेरा बसवला. जी साखळी निघेल ती एका वहीफाईलीत उतरायची. आणि पूर्वीच्या एकेचाळिसाव्या ओळीत पुसण्याऐवजी फोटो गुपचूप दुसऱ्या फोल्डरात हलवायचं लिहिलं. पडद्यावर मात्र पूर्वीसारखंच ‘पुसले’ येणार.

दुपारी बाराला हेमराजनं कार्ड आणलं. बुधरीबाईनं एक नंबर दाबला, कुलूप लावलं, चावी खिळ्यावर टांगली.

चारला समिती आली. फोटो नव्हते.

"पाहा," हेमराज म्हणाला. "आताच्या आताच काढा लागते हिले."

"सभा उद्या आहे, भाऊ," चंचल म्हणाली. "उद्यापर्यंत थांबा."

सगळे गेल्यावर तिनं हलवलेले फोटो आधी उघडले. एक माणूस पाठमोरा, डोक्याला दुपट्टा, पायाशी टोपली, पुढे धूर. चेहरा नव्हता. गावात अशी साठ माणसं निघतील.

मग तिनं वहीफाईल उघडली. दोनच ओळी होत्या. पुसाला सफाईनं बोलावलं होतं, फोटोंच्याच स्क्रिप्टमधून. ते नेहमीचं. सफाईला मात्र दुसऱ्याच एका फाईलीच्या सातव्या ओळीनं. फाईलचं नाव ‘तपास’. आणि ती फाईल या कॉम्प्युटरवर नव्हतीच. एका पेनड्राइव्हवर होती. त्या पेनड्राइव्हचं नावही तिथंच लिहिलेलं होतं.

चंचलनं कॉम्प्युटर बंद केला. मग सायकल न घेता पायी घरी निघाली.

घरी खिळ्यावर, विळ्याच्या शेजारी, तिचा पेनड्राइव्ह लाल दोऱ्यानं टांगलेला होता. कायम असायचा. तिनं तो हातात घेतला. आई अन्नपूर्णा चुलीपाशी भाकर थापत होती. बाप खाटेवर बसला होता. त्याच्या उजव्या अंगठ्यावर फोड होता. चार दिवसांपूर्वी विचारलं तेव्हा चहा सांडला म्हणाला होता.

"बा, आज दुपारी कुठी होते?"

"जंगलात. काऊन?"

"आई?"

"मी चिमूरच्या बाजारात. तूच तं पिशवी देल्ली सकाळी."

"हा पेनड्राइव्ह आज ऑफिसात गेलता. यात माही तपासाची फाईल आहे. स्क्रिप्ट बरोबर चालते का पाहाले लेहलेली. सातव्या ओळीत सफाईले शून्य दिवस सांगतले आहे. शून्य म्हंजे आजचे धरून सगळे. मागच्या पंधरवड्यात मी हेच ऑफिसात चालवून राह्यली होती, तवा तुमी मांगं उभे होते. विचारलं होतं, शून्य टाकलं की सगळंच जाते काय."

पत्रूनं अंगठा मुठीत घेतला.

"गावात ही फाईल दोघायलेच माहीत. मले अन् तुमाले. मी बारा ते चार रीनाच्या घरी होती. काल कार्डाचं ऐकल्यावर तुमीच मले बसवलं. तुमच्या अंगठ्याचा फोड चहाचा नाई, बा."

भाकर तव्यावर करपली. अन्नपूर्णानं उलथली नाही.

"पाला तीन झाडायपुरताच पेटवला होता," पत्रू अखेर म्हणाला. "दरसाल पेटवतो. वारा फिरला. मी एकटाच आग झोडपत होतो ना डहाळीनं. पथकाचा प्रमुख मी. कोणत्या तोंडानं ढोल वाजवाले लावू?"

"अन् बुधरीबाई?"

"तिले दुसरं काम भेटून जाईन."

"तिले हेच पाहिजे."

"चंचल," आई हळूच म्हणाली, "सभेत बापाचं नाव घेशीन?"

चंचलच्या हातातला लाल दोरा बोटाला गुंडाळून घट्ट झाला होता.  

"उद्या मी वहीफाईल वाचणार, आई. पुसापासून टेकडीपर्यंत. पेनड्राइव्हचं नाव ‘चंचल’ आहे, म्हणून पहिले माहंच नाव येईन. शून्याची फाईल मी उघड्यावर टांगून ठेवली, तेही सांगीन. त्याच्या मागचं नाव बानं स्वतः उभं राहून सांगतलं, तं मी तिथीच थांबीन. नाई उठले, तं मी सांगीन. बुधरीबाई त्या खुर्चीवरून उठणार नाई. हे ठरलं."

तिनं पेनड्राइव्ह खिळ्यावर परत टांगला नाही. गळ्यात घातला.