आठवा बोल्ट

साल २०२२. जूनची नऊ तारीख, गुरुवार. वेळ दुपारी सव्वाबारा. जागा म्हणाल तर जळगाव-धुळे रस्ता, पारोळा सोडल्यावर, मुकटीच्या अलीकडे.

इतकं नेमकं सांगते, कारण लोक म्हणतात म्हातारीला भास झाला असेल. असेलही. माझं वय तेव्हा बहात्तर होतं.

पण गाडीत आम्ही चौघं होतो. आणि गाडी चौघांदेखत बंद पडली.

आधी थोडं मागचं सांगते.

आमचे हे, जीवराम मिस्तरी, मूळचे रावेरकडचे. केळीच्या ट्रकांखाली झोपून काम शिकले. पुढे जळगावला मेहरूणमध्ये घराला लागूनच गॅरेज टाकलं. सगळे त्यांना नाना म्हणायचे. इंजिन बांधून घ्यायला धुळ्याहून गाड्या यायच्या त्यांच्याकडे.

त्यांचे दोन नियम होते. इंजिन बांधताना कोणाशी बोलायचं नाही. आणि आतला बोल्ट पक्का आवळला की त्यावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका नसेल तर बोल्ट आवळलेला नाही असं समजायचं.

ठिपक्याला ते माझी नेलपॉलिशची बाटली न्यायचे. शेजारच्या प्रमिलाबाई चिडवायच्या, "बेबाबाई, महिन्याला दोन बाटल्या? तुमचे मालक नखं रंगवतात का हो?"

२०११ साली हे गेले. गॅरेज त्यांच्या चेल्याने सांभाळलं. तोताराम त्याचं नाव, गाव धुळे तालुक्यातलं. वीस वर्षं आमच्या घरी जेवला. मला अक्का म्हणायचा. नेलपॉलिश स्वतः विकत आणायचा आणि दुकानात सांगायचा, "बायकोसाठी."

आमची एक जुनी सात सीटची डिझेल गाडी होती. मुलगा योगराज चालवायचा. माझी सून कामिनी धुळ्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका. तिच्यासोबत जळगावच्या आणखी तीन मॅडम त्याच गाडीने अप-डाऊन करायच्या. रोजचा पावणेदोनशे किलोमीटरचा प्रवास.

पाच जिवांचा भार त्या इंजिनावर.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत इंजिन पूर्ण उतरवलं. पंधरा जूनला शाळा उघडणार होती. तोतारामला म्हटलं, घाई नको, पण काम नानांसारखं कर.

चोवीस मे. मी रावेरला लग्नाला गेले होते. दुपारी चारला तिथून त्याला फोन केला.

"झालं का रे?"

"होतच आलं अक्का. खालचं चेंबर लावलं की इंजिन बंद."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असतं ते तेलाचं भांडं. ते लावलं की आतलं काही दिसत नाही.

मला त्या दिवशी करमत नव्हतं. नानांचा विषय निघाला. रावेरचे ट्रक निघाले, एकदा पावसात केळीचे घड उतरवले होते ते निघालं. तो हसत होता. अर्धा तास तरी बोललो.

मग म्हणाला, "अक्का, छातीत जरा जड वाटतंय. ऊन बाधलं असेल. घरी जातो."

घराच्या दारातच तो कोसळला, आणि शुद्धीवर न येता त्याच रात्री गेला. वय पंचावन्न.

तेराव्यानंतर त्याचा धाकटा भाऊ प्रेमराज गॅरेजला आला. तोही मिस्तरीच. त्याने चेंबर लावलं, इंजिन गाडीत बसवलं, तेल भरलं.

पहिल्याच सेल्फला सुरू. आवाज एकदम गोड. योगराजने नारळ फोडला.

गावात गाडी नीट चालली.

दुसऱ्या दिवशी योगराज तिला धुळे रस्त्याला घेऊन गेला. वेग चाळीस… पंचेचाळीस… काटा पन्नासला टेकला…

आणि इंजिन बंद.

धक्का नाही. धूर नाही. कोणीतरी शांतपणे किल्ली फिरवावी, तसं.

पुन्हा सेल्फ मारला. लगेच सुरू. पुन्हा पन्नास… पुन्हा बंद.

प्रेमराजने दोन दिवस घालवले. डिझेलच्या लाईनमध्ये हवा धरते का ते पाहिलं. फिल्टर बदलला. नोजल काढून तपासले. पंपाला जाणारी वायर बदलली.

काही दोष नाही.

शेवटी त्याने बॅटरीपासून पंपापर्यंत थेट वायर ओढली. म्हणाला, "आता किल्ली काढली तरी बंद व्हायची नाही. वायर उपटली तरच बंद."

नऊ तारखेला पुन्हा बघायचं ठरलं. मी म्हटलं, मीही येते.

"आई, या उन्हात तू काय करणार?" योगराज म्हणाला.

"बसेन. तुझ्या बापाच्या शेजारी बसून खूप इंजिनं ऐकली आहेत मी."

प्रेमराज हसला. "बसू द्या भाऊ. गाडीबी अक्काच्याच वयाची शे."

पुढे योगराज आणि प्रेमराज, मागे मी आणि कामिनी. पारोळ्यापर्यंत चाळीसने गेलो. मग रस्ता मोकळा लागला. दोन्हीकडे काळी, नांगरलेली शेतं. झाडाची सावलीसुद्धा नाही.

"आता दाबा," प्रेमराज म्हणाला.

पंचेचाळीस… अठ्ठेचाळीस… पन्नास…

बंद.

गाडी घरंगळत रस्त्याच्या कडेला थांबली. प्रेमराज धावत खाली उतरला, बॉनेट उघडलं. वायर जागेवर होती. त्याने दिवा लावून पाहिला. वायरीत करंट होता.

"हे होऊच शके नाही," तो पुटपुटला.

रस्त्यावर एकही गाडी नव्हती. वाराही थांबला होता.

आणि मग खालून आवाज आला…

कट्… कट्… कट्…

"इंजिन थंड होताना पत्रा वाजतो आई," योगराज म्हणाला.

मी तो आवाज चाळीस वर्षं ऐकला आहे. दात्यांचा पाना फिरतो तेव्हा तसा येतो. थांबून, दमाने, एकाच हाताचा.

कट्… कट्…

आणि मग आलाच नाही.

मी वाकून गाडीखाली पाहिलं. तापलेला डांबरी रस्ता. तिथे कोणी नव्हतं.

तेवढ्यात वास आला…

डिझेलचा नाही. तेलाचा नाही. नेलपॉलिशचा.

"कामिनी, तू काही लावलंयस?"

तिने दोन्ही हात पुढे केले. नखं कोरी होती. "आई… मलापण येतोय."

मी म्हटलं, गाडी वळवा. चाळीसच्या वर जायचं नाही. आणि घरी गेल्यावर चेंबर उघडायचं.

प्रेमराज दुखावला. "अक्का, दादानं काम शे ते. आतलं उघडून काय देखणार? दादावर भरोसा नाही का तुमना?"

"भरोसा आहे म्हणूनच उघड."

संध्याकाळी पाचला त्याने गाडीखाली शिरून तेल काढलं, चेंबर उतरवलं. मी पाटावर बसून उजेडाला बॅटरी धरली होती.

आत चार पिस्टनचे चार दांडे. प्रत्येकाला दोन बोल्ट. एकूण आठ.

"एक, लाल," प्रेमराज मोजू लागला. "दोन, लाल. तीन…"

सातपर्यंत लाल.

आठव्यावर ठिपका नव्हता.

त्याने पाना घेतलाच नाही. नुसतं बोट लावलं. बोल्ट फिरला.

तो बाहेर आला आणि जमिनीवरच बसला. म्हणाला, "अक्का, रस्त्यात ऐंशीने पळवली असती ना, तर दांडा सुटून इंजिन फोडून बाहेर येता. गाडी जागीच जाम. मागून एखादा ट्रक…"

पुढचं त्याने सांगितलं नाही. कामिनी दारात उभी होती.

"चेंबर लावताना पाहिलं नाहीस?" योगराज ओरडला.

"दिसनं होतं भाऊ, ठिपका नाही ते." प्रेमराज रडायला लागला. "वाटलं, ठिपका राहिला असेल. शेवटचं काम त्याचं. त्याच्या हातावर मी पाना लावू? लोकं म्हणतील, मेलेल्या भावाची परीक्षा घेतो."

मला चार वाजताचा फोन आठवत होता.

तो त्या वेळी सातव्या बोल्टपर्यंत आला होता. नंतर माझ्याशी बोलत बसला. मग छातीत दुखलं, आणि तसाच उठून गेला.

नानांचा नियम मला पाठ होता. तरी फोन मीच केला होता.

प्रेमराजने तो बोल्ट आवळला. योगराजने स्वतः पाना लावून पाहिला. चेंबर बसलं. शुक्रवारी आम्ही गाडी धुळ्यापर्यंत नेली. साठने, सत्तरने. कुठेच थांबली नाही.

पुढे पावणेदोन वर्षं ती रोज धावली.

मग २०२४ च्या फेब्रुवारीत, एरंडोलच्या अलीकडे, योगराज एकटा परत येत होता. वेग सत्तर.

इंजिन बंद. तसंच. शांतपणे.

त्याने फोन केला.

गाडी ओढून आणली. पुन्हा चेंबर उतरवलं. पुन्हा मी बॅटरी धरली.

आठही बोल्ट घट्ट होते.

आणि आठांवरही लाल ठिपका होता.

प्रेमराजने माझ्याकडे पाहिलं. "मी दिला नव्हता, अक्का. त्या दिवशी बाटली कुठे होती आपल्याकडे?"

खरंच नव्हती.

सगळं इंजिन खोललं. एकही दोष सापडला नाही. मग या वेळी का थांबली? कशापासून अडवलं? ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतर त्या गाडीत कोणी बसलं नाही. योगराजने दुसरी गाडी घेतली. जुनी आमच्या गॅरेजच्या शेडमध्ये उभी आहे, बॅटरी काढून. घ्यायला लोक येतात. आम्ही देत नाही. घेणाऱ्याला काय सांगणार?

कामिनीची बदली जळगाव तालुक्यात झाली. तिने नखांना काही लावणं सोडलं आहे. मी कारण विचारलं नाही.

प्रेमराज इंजिनं बांधत नाही. धुळ्याला दुचाकींची सर्व्हिसिंग करतो. प्रमिलाबाई मागच्या वर्षी वारल्या.

तोतारामची बायको तानुबाई दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझ्याकडे येते. सांजोऱ्या आणते. माझा हात हातात घेऊन म्हणते, "शेवटचं तुमच्याशीच बोलले ते, अक्का. बरं झालं. आपल्या माणसाशी बोलून गेले."

तिला बोल्टचं कोणीच सांगितलेलं नाही.

यंदा आली तेव्हा जाता जाता उंबऱ्यात थांबली. "अक्का, तुमचा फोन आला तेव्हा ते काम करत होते का हो?"

मी म्हटलं… "नाही गं. चहा पीत बसला होता."

तिला बरं वाटलं. डोळे पुसून ती रिक्षात बसली.

मी दार लावून घेतलं. शेडच्या बाजूला एक खिडकी आहे. ते खोटं बोलल्यापासून ती मी उघडलेली नाही.