तिसऱ्या मजल्यावरचा जहाजवाला

लिफ्ट बंद होती म्हणून ठकी चुकीच्या दारात शिरली. जायचं होतं चौथ्या मजल्यावरच्या मोठ्या ट्रॅव्हल कंपनीत. पण तिसऱ्या मजल्यापर्यंतच धाप लागली, समोरच्या काचेवर जहाजाचं चित्र दिसलं आणि ती सरळ आत जाऊन खुर्चीत बसली. हातातलं रंगीत माहितीपत्रक टेबलावर ठेवून म्हणाली, हे जहाज, दहा दिवस, दोघांसाठी; आजच नक्की करायचंय.

टेबलापलीकडच्या तरुणाने आधी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. मग माहितीपत्रक उघडलं, दोन पानं पाहिली आणि मिटलं.

"हे घेऊ नका," तो म्हणाला.

घरात तिला ठकी म्हणत असले, तरी ती काही कुणाकडून ठकणारी नव्हती. वय एकोणतीस, चष्म्यांच्या दुकानात नजर तपासायचं काम. दिवसभर 'हे स्पष्ट दिसतंय की ते?' असं विचारून विचारून समोरचा खरं बोलतोय की उगाच मान हलवतोय, हे तिला चटकन कळायचं. पण गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलंय आणि दुकानदारच नको म्हणतोय, असं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

जाणार कोण, हे त्याने विचारलं. आईबाबा. बाबांचे गुडघे? दुखतात. मग तो शांतपणे सांगत गेला, की या जहाजावर साडेतीन हजार माणसं असतात, आणि खोलीपासून जेवणाच्या हॉलपर्यंत जायलाच दहा मिनिटं लागतात. बाबांची निम्मी सफर बोळातून चालण्यातच संपेल. तो फक्त जहाजांच्याच सफरी ठरवून देत असे, विमानाचं साधं तिकीटसुद्धा काढत नसे. त्याआधी सहा वर्षं त्याने जहाजांवर प्रवाशांच्या खोल्या सांभाळल्या होत्या. कुठल्या खोलीच्या डोक्यावर रात्री नाच चालतो, हे त्याला तोंडपाठ होतं.

"तुम्ही चौथ्या मजल्यावर निघाला होतात ना?" त्याने हळूच विचारलं.

ती कानापर्यंत लाल झाली. "लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत बसते," ती म्हणाली.

लिफ्ट दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाली. ठकी मात्र त्या आठवड्यात तीनदा तिसऱ्याच मजल्यावर उतरली.

त्याचे प्रश्न संपतच नव्हते. आईला गाडी लागते का? लागते. बाबांना ऐकू कसं येतं? कमी... तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर होते ना. बोलता बोलता ती बरंच सांगून बसली. बाबा आठ-आठ महिने समुद्रावर, आई एकटीने घर चालवणारी; आणि बाबांची पत्रं, ज्यांत डॉल्फिन असत, पाण्यातून वर येणारे सूर्य असत. आई ती ठकीला झोपताना वाचून दाखवायची. यंदा आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिने बाबांना एवढंच म्हटलं, की तुम्ही पत्रात लिहायचात तो समुद्र आता मला दाखवा.

त्याने पेन खाली ठेवलं.

पण मेख वेगळीच होती. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी सगळ्यात खालची, मधोमध असलेली खोली बरी. आणि बाबांनी शपथ घेतली होती की पाण्याच्या पातळीखाली पुन्हा झोपणार नाही. त्याने कागदावर जहाज काढलं आणि ते टोकांना कसं वरखाली होतं ते दाखवलं. खेळाच्या सी-सॉवर मधोमध बसणाऱ्याला काही होत नाही, तसंच. दोन दिवस शोधून त्याने एक लहान जहाज काढलं. प्रवासी जेमतेम दोनशे, या बेटावरून त्या बेटावर, एका वेळी चार-पाच तासांचंच पाणी. मधल्या मजल्यावरची, अगदी मधोमध खोली, बाहेर बसायला छोटी गॅलरी. आणि महिना असा, की समुद्र शहाण्यासारखा वागतो.

"तुम्हाला कुठली बाजू आवडेल?" त्याने नकाशावरून नजर न उचलता विचारलं. "किनाऱ्याची, की मोकळ्या पाण्याची?"

"मी कुठे जातेय?"

"नुसतं विचारलं."

"ज्या बाजूला गप्पा मारायला कुणी असेल... ती," ती म्हणाली आणि पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधू लागली.

घरी मात्र बाबांनी साफ नकार दिला. गुडघे, औषधं, हवा – रोज नवीन कारण. शेवटी रविवारी जहाजवाला स्वतःच समजवायला घरी आला. बाबा त्याला गच्चीवर घेऊन गेले. अर्ध्या तासाने दोघं खाली आले, तेव्हा बाबांचे डोळे लाल होते आणि तो ठकीला दाराशी म्हणाला, की आठवडाभर काही ठरवू नका.

का, ते तो सांगेना.

"माझ्या बाबांची गोष्ट तुम्हाला कळते आणि मला नाही?" तिचा आवाज चढला.

"ती माझी नाही. मी कशी सांगू?"

ती दार लावून आत गेली. सहा दिवस तिसऱ्या मजल्याचं नाव काढलं नाही. दुकानात मात्र दोनदा तिने लोकांना उलटा तक्ता वाचायला लावला.

सातव्या संध्याकाळी बाबांनी टीव्ही बंद केला आणि आईसमोर स्टूल ओढून बसले. म्हणाले, मी समुद्र पाहिलेलाच नाही. दिवसभर खाली पाइप आणि तेल. वर यायचो ते जेवायला, झोपायलाही खालीच. डेकवरची पोरं जेवताना काय काय सांगायची, तेच तुला लिहायचो. डॉल्फिन म्हणून एकही पाहिला नाही. तुला तिथे नेऊन, 'हेच का ते?' असं तू विचारलंस तर...

आई उठून खोलीत गेली. दोन दिवस ती बाबांशी बोलली नाही. ताट वाढायची, औषध द्यायची, एवढंच. बाबा घरात पाहुण्यासारखे वावरत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांच्यापुढे कपबशी ठेवली.

"तीस वर्षं मला वाटायचं, तुम्ही सगळं जग पाहिलंत आणि मीच तेवढी मागे राहिले," ती म्हणाली. "म्हणजे तुमचंही राहिलंच की." मग ठकीकडे वळून म्हणाली, "त्या जहाजवाल्याला सांग, खोली नक्की कर."

त्या दुपारी बाबांनी ठकीला गच्चीवरचं सांगितलं. त्या पोराने उपदेश असा केलाच नाही, म्हणाले, स्वतःचंच सांगितलं. एक मुलगी त्याचीही किनाऱ्यावर वाट पाहत होती. लिहिण्यासारखं काही दिसत नाही म्हणून त्याने लिहिलंच नाही. दोन वर्षांनी तिने दुसरीकडे लग्न केलं. "मला म्हणाला, काका, तुम्ही निदान लिहिलंत. आता खरं सांगायला माणूस समोर बसलंय."

ठकी तशीच निघाली. लिफ्टची वाट न पाहता तीन जिने चढली आणि त्याच्या दारात उभी राहून, धापा टाकतच म्हणाली, की त्या दिवशी मी फार बोलले. त्याने पुन्हा पाण्याचा ग्लास पुढे केला. ग्लास घेताना तिची बोटं त्याच्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली. दोघांनीही ते लक्षात आलं नाही असं दाखवलं.

जहाज सुटलं ते एका लख्ख दुपारी. तो कधी कुणाला पोचवायला धक्क्यावर येत नसे. त्या दिवशी आला. मधल्या मजल्यावरच्या गॅलरीत आईबाबा दिसले. आईने कठडा घट्ट धरला होता. बाबा एका हाताने लांब काहीतरी दाखवत होते – आणि बहुधा, तेही पहिल्यांदाच पाहत होते. जहाज वळलं, लहान होत गेलं.

माणसं पांगली. ही दोघं तिथेच.

"आता तिसऱ्या मजल्यावर यायला माझ्याकडे काही काम उरलं नाही," ठकी म्हणाली.

"हो ना." त्याने खिशात हात घातले, काढले, परत घातले. "मी... सकाळपासून तोच विचार करतोय."

"जेवता कधी तुम्ही?"

"दीडला."

"उद्या डबा जास्तीचा आणते."

"उद्याच फक्त?"

ती हसली. वाऱ्याने तोंडावर आलेले केस बाजूला केले, पण नजर बाजूला केली नाही. "पुढचं हळूहळू ठरवू. मला ठरवायला वेळ लागतो... तुम्ही पाहिलंच आहे."

"तुम्ही घ्या वेळ," तो म्हणाला. "माझं ठरलंय."