नियमात न बसणारा नवरदेव

“आपलं डिझाइन कधी चुकत नसतं, भावा!” आकुर्डीच्या कॉलेज कॅन्टीनमध्ये प्रज्वलनं हात उडवून जाहीर केलं, आणि त्याच हातातला चहा मागच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर ओतला.

लॅपटॉप सुखदाचा होता. एमसीएच्या त्याच वर्गातली, पण आजवर दोघं कधी बोलले नव्हते.

“चहासुद्धा डिझाइन करून सांडलास वाटतं,” ती ओढणीनं कीबोर्ड टिपत म्हणाली.

लॅपटॉप गेला तो गेलाच. मग प्रोजेक्ट त्याच्या लॅपटॉपवर, दोघांनी मिळून करायचं ठरलं. कुणाचं प्रेम नजरेनं सुरू होतं, यांचं नुकसानभरपाईनं झालं.

विषय होता ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइन, आणि सरांची अट एकच — सॉफ्टवेअर खऱ्या गिऱ्हाइकासाठी करा. सुखदाच्या शेजारच्या सुभद्राबाई वधू-वर मंडळ चालवायच्या. त्यांना स्थळं जुळवणारं सॉफ्टवेअर हवंच होतं.

“क्लास म्हणजे साचा गं,” प्रज्वल समजावायचा. त्याचे वडील चाकणला पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, म्हणून उदाहरणंही तिथलीच. “पप्पांकडे एका डायमधून गाड्यांचे ढीगभर दरवाजे निघतात ना, तसं. ‘वर’ हा साचा. त्यातून निघणारा एकेक नवरा म्हणजे ऑब्जेक्ट.”

“आणि त्या नवऱ्याच्या मनातलं?”

“ते प्रायव्हेट. त्यात थेट हात घालायचा नाही. विचारायचं.”

“विचारलं तर सांगेल?”

प्रज्वलचे कान लाल झाले. “विचारून... बघावं.”

सुभद्राबाईंनी बजावलं होतं, “बिननोकरीचं पोरगं मला नको गं बाई. पर्मनंट पाहिजे, अन् फ्लॅट पाहिजे.” प्रज्वलनं तो नियम साच्यातच ठोकून बसवला. नोकरी नसेल तर नवरा तयारच होणार नाही!

चाचणीच्या दिवशी सुखदानं वधू म्हणून स्वतःचीच माहिती भरली, अगदी फोटो आणि बाबांच्या नंबरासकट. मग लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

“आता नवरा... कुणाला करायचं?”

प्रज्वलनं स्वतःचं नाव टाकलं. एंटर दाबलं. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली — ‘हे स्थळ तयार होऊ शकत नाही.’

सुखदा हसून हसून बेजार. मग हळूच म्हणाली, “बदल ना नियम. एक ओळ तर आहे...”

तिच्या आवाजातलं गाढवालाही कळलं असतं. पण प्रज्वल गाढव नव्हता, टॉपर होता.

“छे! एका ऑब्जेक्टसाठी डिझाइन मोडत नसतात.”

तिनं लॅपटॉप मिटला. “बरं. माझं नाव तेवढं काढ आठवणीनं.”

“सबमिशन झालं की काढतो.”

सबमिशन झालं. पैकीच्या पैकी मार्क मिळाले. नाव तसंच राहिलं. सुभद्राबाईंनी सॉफ्टवेअर सुरू केलं, आणि त्यानं जुळवलेलं पहिलंच स्थळ थेट सुखदाच्या बाबांकडे पोचलं. अवधूत. चाकणला पर्मनंट, पिंपळे सौदागरला फ्लॅट. बाबांना वाटलं, पोरीनंच लाजून नाव नोंदवलं. त्यांनी पेढे आणले.

सुखदा लॅबमध्ये आली. “मी अजून हो म्हटलेलं नाही, प्रज्वल. तुला काही म्हणायचंय?”

शब्द ओठापर्यंत आले...

“किती... किती टक्के जुळलं?”

“चौऱ्याण्णव.”

“बघ! पहिल्याच झटक्यात! म्हटलं होतं ना तुला!”

तिनं बॅग खांद्याला अडकवली.

“परवा भेटलो आम्ही, मी नि अवधूत,” ती म्हणाली. “बसल्या बसल्या त्यानं विचारलं, तुझ्या मनात काय आहे ते सांग. वाईट नाहीये रे तो.”

सुखदा-अवधूतच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात प्रज्वलला नोकरी लागली. पर्मनंट.

चऱ्होलीच्या मंगल कार्यालयात सुभद्राबाईंनी त्याला हाताला धरून स्टेजवर ओढलं. “ह्या पोरानं जुळवलं बरं का हे!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. अवधूतनं मनापासून मिठी मारली. सुखदा म्हणाली, “जेवून जा हं.”

तो न जेवता बाहेर आला. बूट जागेवर नव्हते. नवरीच्या मावसबहिणींनी नवरदेवाचे समजून त्याचेच पळवले होते.