उस्ताद, हात काढा

वीज गेली होती आणि ती इतक्यात काही येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठे काका गच्चीवरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसले. पुतण्या आणि भाची समोर चटईवर. जिन्याच्या तोंडाशी सून, मांडीवर झोपलेलं बाळ. ती गोष्ट ऐकायला आली नव्हती, आत उकडतं म्हणून आली होती. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

"भुताची सांगा," भाची म्हणाली. "पण खरी."

"खोटी मला येत नाही. माझ्या साडूची सांगतो. फिटर होता तो."

"काका, तुमची सगळी भुतं तुमच्या साडूंनाच कशी भेटतात?" पुतण्याने विचारलं.

"तुला कुठून भेटणार? भुतांची फिरायची वेळ होते, तेव्हा तू घोरत असतोस. ऐक आता."

फिटरचा कारखाना बंद पडला आणि यंत्रं भंगारात निघाली. त्यात एक जुनं लेथ मशीन होतं. लेथवर लोखंडाचा दांडा चकमध्ये घट्ट पकडतात, चक गरगर फिरतो आणि पातं त्या दांड्याला पेन्सिलीसारखं सोलत जातं. हे मशीन फिटरच्या आजोबांच्या वयाचं. बिडाचं चार टनी धूड. मालक म्हणाला, "तुटायच्या आधी हवं तर घेऊन जा."

फिटरला ते हवंच होतं. त्याची एकुलती एक लेक देशाच्या पार दुसऱ्या टोकाला दिलेली. जावई हाडाचा टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, पण वर्षभर हाताला काम नाही. पदरात आठ महिन्यांचं मूल. जावई हळूहळू बोलेनासा झाला होता, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. लेक फोनवर मात्र हसून बोलायची. ते हसणं ऐकलं की फिटरला रात्रभर झोप यायची नाही. घरच्या शेडमध्ये स्वतःचं मशीन उभं राहिलं, तर पोरगाही उभा राहील. नाहीतर तो आपल्या हातचा गेला, हे फिटरला कळून चुकलं होतं.

आता, त्या मशीनची एक रीत होती. पूर्वी त्यावर एक म्हातारा टर्नर काम करायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. एकदा त्याची बाही फिरत्या चकमध्ये अडकली...

काका थांबले. "पुढचं राहू दे. सूनबाई बसल्यात."

"सांगा हो," सून म्हणाली आणि तिने बाळाच्या कानावर हात ठेवला.

"आधी हात गेला. मग माणूस गेला."

तेव्हापासून जो कोणी सकाळी ते मशीन सुरू करी, तो बटण दाबण्याआधी मोठ्याने म्हणे, 'उस्ताद, हात काढा.' नियम कुणी केला नव्हता. नवे कामगार हसायचे, पण म्हणायचे. आणि त्यानंतर त्या मशीनने कुणाचं नखही दुखवलं नाही.

"हे त्यांनी जावयाला सांगितलंच नाही," सून हळूच म्हणाली. "हो ना?"

"तू सांगितलं असतंस?"

"मी मशीनच नेलं नसतं. पण माझं काय धरता? मी रिकाम्या टाकीवरसुद्धा झाकण घालून वर दगड ठेवते."

फिटरचा हिशेब वेगळा होता. फोनवर सांगावं, तर लेक मशीनला उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. मांडीवर तान्हं पोर असलेली कुठली बाई येऊ देईल? त्यापेक्षा एकदा मशीन जागेवर बसवू आणि जावयाला बाजूला घेऊन सांगू. टर्नर आहे, समजून घेईल. तोवर झाकली मूठ बरी.

लांबच्या प्रवासाआधी चक काढून ठेवायचा असतो. पण आटे इतके जाम झाले होते की तो निघेना. मग फिटरने दोन्ही गियर एकदम अडकवले. तसं केलं की चकला हत्ती लावला तरी तो हलत नाही. वर खात्रीसाठी त्याच्या जबड्यात लाकडाचा एक चौकोनी ठोकळा आवळून ठेवला. क्रेनने मशीन ट्रेलरवर चढवलं, साखळ्या ताणल्या, ताडपत्री बांधली. मोटरची वायर स्वतःच्या हाताने वेटोळं करून दोरीने बांधली आणि तो ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

ड्रायव्हर मोठा गमत्या. सुराशी जन्माचं वैर, तरी गाणं थांबत नसे. दोन दिवस मजेत गेले. तिसरी रात्र. नोव्हेंबरातला दुसरा सोमवार. पावणेतीन वाजले होते. रस्ता सरळ, मोकळा. दोन्ही बाजूंना गाव नाही, दिवा नाही.

ड्रायव्हरचं गाणं मध्येच तुटलं.

"फिटर, आवाज येतोय का?"

"इंजिनाचा असेल."

"माझं इंजिन मी ओळखतो. बायकोपेक्षा त्याचंच जास्त ऐकलंय."

खर्र... खर्र...

मागून येत होता. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

आवाज बंद झाला नाही.

खर्र... खर्र... खर्र...

फिटरचा सारा जन्म तो आवाज ऐकण्यात गेला होता. पातं लाकूड सोलत होतं. सावकाश. घाई नसलेल्या माणसासारखं.

तो टॉर्च घेऊन खाली उतरला. ताडपत्रीच्या गाठी त्याच्याच, जशा मारल्या होत्या तशा. त्याने पहिल्या गाठीला हात लावला.

आवाज थांबला.

त्याने ताडपत्री वर केली. गियर अडकलेले. चक स्तब्ध. साखळ्या ताठ. पण जबड्यातला तो ठोकळा...

तो चौकोनी उरला नव्हता.

गोल झाला होता. गुळगुळीत. कसलेल्या हाताने काढावा तसा. फिटरने त्याला बोट लावलं.

गरम होता.

"या मशीनवर कुणी गेलंय का?" ड्रायव्हर मागे उभा होता.

फिटरने ताडपत्री खाली सोडली.

"फिटर, तुम्हाला विचारतोय मी."

"नाही."

"उतरवू या इथंच. सकाळी क्रेन मागवतो. कुणाला काही कळणार नाही."

फिटरने रस्त्याकडे बघितलं. मागेही अंधार, पुढेही अंधार. "तिकडे माझी लेक वाट बघतेय," तो म्हणाला.

ड्रायव्हर पुढे गायला नाही. मशीन उतरवून झालं, तेव्हा पाणीसुद्धा न घेता निघून गेला.

जावयाने दाढी केली होती. किती महिन्यांनी, ते लेकीलाच ठाऊक. तो मशीनभोवती फेऱ्या मारत होता, बिडावरून हात फिरवत होता. "बाबा, कुठून शोधलंत हे? असली मशीनं मी नुसती ऐकून होतो!" लेक स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ मोठा सोडला. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

रात्री जेवताना जावयाने विचारलं, "यावर कोण काम करायचं हो?"

शब्द फिटरच्या ओठांपर्यंत आले. त्याने लेकीकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे बघत होती. हरवलेली वस्तू घरातच सापडावी, तशी.

"चांगला कारागीर होता," फिटर म्हणाला. "बाकीचं उद्या सांगतो. वायरही उद्या जोडू. आज हात लावू नकोस."

"नाही लावत, बाबा."

मूल रात्री दोनदा उठलं. दुसऱ्यांदा लेकीने पाहिलं, नवऱ्याचं अंथरूण रिकामं. मशीन बघायला गेला असेल, तिला वाटलं. तिला बरंच वाटलं. किती दिवसांनी तो आपणहून उठून कुठे गेला होता. तिने मुलाला थोपटलं आणि त्याच्याबरोबर तीही झोपली. गाढ.

गच्चीवर सुनेच्या मांडीवरचं बाळ जरा हललं. सून त्याला थोपटायला लागली आणि मध्येच तिचा हात थांबला.

काका आता फार हळू बोलत होते.

सकाळी शेडचं दार उघडं होतं.

मोटरची वायर... वेटोळ्यातच. दोरीची गाठ तशीच.

गियर दोन्ही अडकलेले.

आणि जावई गार पडलेला, बाही चकमध्ये.

दोन वेढे.

लेक दारात आली. मूल कडेवर. ती ओरडली नाही. तिने मुलाचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. मग म्हणाली, "बाबा, उद्या काय सांगणार होतात?"

फिटर खाली बसला आणि वायरची गाठ सोडू लागला. तिने पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर बापलेकीत एक शब्द झालेला नाही. तो दर वर्षी जातो. ती ताट वाढून ठेवते, आणि तो जेवून निघेपर्यंत बाहेर थांबते. नातू आता शाळेत जातो. आजोबांना ओळखत नाही.

खालच्या रस्त्याने एक सायकल गेली.

"आणि मशीन?" पुतण्याने विचारलं. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"तिथंच. चार टन उचलायला माणूस मिळेना. भंगारवालेही दारापर्यंत यायचे आणि परत जायचे. लेकीने शेडला कुलूप घातलं आणि किल्ली नदीत टाकली. गेल्या वर्षी वादळात शेडचं छत एका बाजूला खचलं, तेव्हा कुलूप तोडावं लागलं. मी होतो बरोबर."

"तुम्ही पाहिलंत?" भाची म्हणाली.

"पाहिलं. सात वर्षांची ओल त्याला लागलेली. गंजून लाल झालं होतं. हात लावला की खपल्या पडत होत्या. चक गंजला, गियर गंजले, एकात एक चिकटून बसले. जमिनीवर बोटभर धूळ, तिच्यावर पाऊल एक नाही."

काकांनी आपला उजवा हात समोर धरला आणि अंधारात, काहीतरी धरून फिरवावं, तसा हळूच फिरवला.

"फक्त एक हँडल. उजव्या हाताचं. त्याच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. रोज हात फिरलेलं हँडल जसं चकाकतं ना, तसं चकाकत होतं. मी बोट लावून पाहिलं."

"मग?"

"तेल लागलं बोटाला. ताजं."